पणजीचं आलवण काळं का दिसतं?



यंदा गणपतीच्या सुट्टीत माझी नात पुण्याहून बडोद्याला आली होती. माळा आवरताना तिला जुन्या फोटोंचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात आमच्या घरातल्या एका मुंजीचा फोटो होता. मागे पेन्सिलीनं ‘रावपुरा, १९२८’ एवढंच लिहिलेलं. मधे मुंजा, बाजूला बायका-पुरुष, आणि अगदी कडेला डोक्यावरून पदर घेतलेली माझी पणजी. पोरीनं भिंग लावून तो फोटो पाहिला आणि विचारलं, “आबा, या सगळ्या बायका काळं कुंकू लावायच्या का हो?”

खरंच, प्रत्येक सवाष्णीच्या कपाळावर काळाकुट्ट टिळा होता. मी इतकी वर्षं तो फोटो पाहतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पुढचा प्रकार नेहमीचा. तिनं मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमधून फोटो रंगीत करून घेतला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. अंगठे, फुलं, “वा! वा!” सुरू झालं. पणजीला अ‍ॅपनं गडद निळं लुगडं दिलं होतं, कारण मूळ फोटोत ते जवळजवळ काळं दिसतं. अर्ध्या तासानं आत्याचा फोन आला. आत्या आता ९१ वर्षांची आहे. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट म्हणाली, “माझ्या आजीला निळं कुणी नेसवलं?”

तुमच्यातल्या तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. त्या काळी आमच्यासारख्या घरात नवरा गेला की बाईचे केस उतरवत, कुंकू-बांगड्या जात, आणि तिनं उरलेलं आयुष्य एकाच तांबड्या वस्त्रात काढायचं. त्या वस्त्राला आलवण म्हणत. तिला कुणी विचारत नसे. पणजीला ते वयाच्या बाविसाव्या वर्षी मिळालं आणि मरेपर्यंत अंगावर राहिलं. आत्या लहानपणी त्याच आलवणात तोंड खुपसून झोपायची. त्यामुळे तिच्यासाठी हा रंग म्हणजे नुसती हौस नव्हती.

पण ग्रुपवर वाद पेटला. पुतण्या म्हणाला, “फोटोत स्पष्ट काळं दिसतंय. आत्याआजीचं वय झालंय, आठवणीत गफलत होते. फोटो कशाला खोटं बोलेल?” मी चाळीस वर्षं कापडगिरणीच्या रंगखात्यात काढली आहेत. रंग खोटं बोलतात हे मी रोज पाहिलंय. तेव्हा या वेळचं सदर पुतण्यासाठी आणि नातीसाठी.

जुन्या फोटोच्या काचेवर जिलेटिनचा पातळ थर असे आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक. प्रकाश पडला की स्फटिकात बदल होतो, आणि औषधात धुतल्यावर तिथे काळी चांदी उमटते. पण या स्फटिकाला सगळा प्रकाश दिसत नाही. जांभळा-निळा प्रकाश त्याला दिसतो, हिरव्यापाशी नजर संपते. तांबड्या प्रकाशाच्या एका कणात स्फटिक जागा करण्याइतकी ऊर्जाच नसते. म्हणून तर फोटोवाल्याच्या काळोख्या खोलीत लाल दिवा चालायचा. आमच्या पिढीनं तो पाहिलाय. कागद त्या दिव्याला आंधळा, माणूस नाही.

आता कुंकू घ्या. ते निळा आणि हिरवा प्रकाश गिळतं आणि फक्त तांबडा परत पाठवतं. तो तांबडा काचेला दिसतच नाही. मग काचेच्या लेखी त्या जागेवरून काहीच आलं नाही, आणि काहीच नाही म्हणजे काळं. कुंकू काळं, आलवण काळं. उलट आकाशाचा निळा रंग तिला झगझगीत दिसतो, म्हणून जुन्या फोटोत आभाळ नेहमी पांढरंफटक असतं. आमच्या फोटोत सगळ्यांचं कुंकू काळं आलंय, म्हणजे ती प्लेट तांबडं न दिसणारी होती. पुतण्याला एवढा पुरावा खरं तर पुरावा. पण मला पुढचं सांगायचंय, कारण माझ्या धंद्याची खरी गंमत तिथून सुरू होते.

सिल्व्हर ब्रोमाइडला तांबडं दाखवायचं कसं? १८७३ मध्ये बर्लिनच्या हेरमान फोगेल यांच्या हाती विलायतेहून आलेल्या काही प्लेटा पडल्या. त्या हिरव्या प्रकाशालाही दाद देत होत्या. शोध घेता लक्षात आलं, की प्लेटेत दुसऱ्याच कारणासाठी एक रंग मिसळलेला होता. काम तो रंग करत होता. तो स्फटिकाच्या अंगाला चिकटून हिरवा प्रकाश स्वतः शोषायचा आणि मिळालेली ऊर्जा एका इलेक्ट्रॉनच्या रूपात स्फटिकाच्या हवाली करायचा. म्हणजे आंधळ्याच्या खांद्यावर डोळस बसवल्यासारखं.

यात सर्वांत उपयोगी पडलं सायनिन नावाच्या रंगांचं घराणं. पहिला सायनिन ग्रेव्हिल विल्यम्स यांनी १८५६ मध्ये केला. सुंदर निळा, पण उन्हात इतका झटपट विटायचा, की कापडावर त्याचा काही उपयोग झाला नाही. आम्ही रंगखात्यात असा रंग पाहिला असता तर ड्रमसकट परत पाठवला असता. कापडानं नाकारलेल्या त्या रंगाच्या पुतण्या-भाच्यांनी पुढे फोटोग्राफीला नजर दिली. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये सगळे रंग पाहणाऱ्या प्लेटा विकायला आल्या. पण त्या संपूर्ण अंधारात हाताळाव्या लागत, लाल दिवासुद्धा चालत नसे. त्यामुळे साध्या प्लेटाही पुढे बरीच वर्षं टिकून राहिल्या.

(जाता जाता, आपल्या गावाचा या दोन्ही गोष्टींशी जुना संबंध आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनाचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रंगरसायनाचे जाणकार. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेलं डांबर ज्यांनी साफ करून दाखवलं, तेच हे. आणि याच कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले. कलाभवनाच्या फाटकावरून रोज जाणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हे ठाऊक असतं का, कोण जाणे.)

आता खरं कोडं. हे रंग पाण्यात विरघळवून तपासले की एका ठिकाणचा प्रकाश शोषतात. तेच रंग स्फटिकाच्या अंगावर दाटीनं बसले की भलत्याच ठिकाणचा. रेणू तोच, त्यात एक अणूही बदललेला नाही, आणि रंग मात्र वेगळा.

१९३६ मध्ये इंग्लंडमधल्या कोडॅक प्रयोगशाळेत एडविन जेली आणि जर्मनीत म्यूनिखला ग्युंटर शाइबे, या दोघांनी एकमेकांना न विचारता हे कोडं पकडलं. त्यांचा रंग होता स्यूडोआयसोसायनिन. पातळ द्रावणात तो सुमारे ५२५ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, आणि तो पट्टा चांगला रुंद, पसरट असतो. द्रावण दाट केलं, किंवा त्यात आपलं स्वयंपाकातलं मीठ घातलं, की सुमारे ५७३ नॅनोमीटरला एकदम नवा पट्टा उभा राहतो. तो इतका उंच आणि इतका अरुंद, की आलेखावर सुई टोचल्यासारखा दिसतो. याचा अर्थ रेणू सुटे राहिलेले नाहीत, त्यांचा जथा झालाय. जेलींच्या नावावरून अशा जथ्याला ‘जे-अ‍ॅग्रिगेट’ म्हणतात. जर्मन लोक शाइबेंचंही नाव घेतात, आणि ते योग्यच आहे.

मिठाचं वाचून मला हसू आलं. सुती कापड रंगवताना आम्हीही हौदात मीठ घालायचो. मिठामुळे रंग पाणी सोडून धाग्याकडे जातो. पण हात सैल सुटला आणि मीठ जास्त पडलं, की रंगाचे रेणू धाग्याऐवजी एकमेकांनाच मिठी मारतात आणि हौदात गाठी होतात. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून असा एक पूर्ण लॉट डागाळला होता. साहेबांनी त्यातली एक चादर घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली, महिनाभर. बोलले काही नाहीत. रेणूंना एकत्र जमायला किती आवडतं, हे मी त्या चादरीकडून शिकलो.

तर जमल्यावर रंग का बदलतो? रंगाचा रेणू म्हणजे एक लांबट पट्टी समजा. प्रकाशाची लाट आली की त्यातले इलेक्ट्रॉन या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावतात. क्षणभर एक टोक ऋण, दुसरं धन, मग उलट. प्रकाशाची लाट रेणूपेक्षा शेकडो पट लांब असते, त्यामुळे शेजारच्या सगळ्या रेणूंना एकाच वेळी एकाच दिशेनं धक्का बसतो. लेझीमच्या रांगेत एकाच ठेक्यावर सगळे झुकतात तसं.

आता हे रेणू ताटांच्या चळतीसारखे एकावर एक रचलेले असले, तर एकाच्या ऋण टोकाशेजारी दुसऱ्याचं ऋण टोक येतं आणि धनाशेजारी धन. ती एकमेकांना ढकलतात. सगळ्यांना एकसाथ हलवायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून शोषण निळ्याच्या बाजूला सरकतं. याला ‘एच-अ‍ॅग्रिगेट’ म्हणतात. पण तेच रेणू आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक लागले, तर एकाच्या धन टोकापाशी दुसऱ्याचं ऋण टोक येतं. ती एकमेकांना ओढतात, हलणं सोपं होतं, कमी ऊर्जा पुरते, आणि शोषण तांबड्याच्या बाजूला सरकतं. हा आपला जेलींचा जथा. प्रत्यक्षात बहुतेकदा रचना दोन्हींच्या मधली असते. भिंतीतल्या विटा जशा अर्धी वीट सरकवून लावतात, तशी. रेणू किती तिरके बसलेत त्यावर सगळं अवलंबून. साधा हिशोब असं सांगतो, की हा कोन सुमारे ५४.७ अंश असला तर ढकलणं आणि ओढणं फिटंफाट होऊन रंग जागचा हलतच नाही. कोन त्याहून कमी झाला की तांबड्याकडे, जास्त झाला की निळ्याकडे. ही मांडणी १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतल्या मायकेल काशा यांनी नीट करून दाखवली.

या दोन जथ्यांच्या स्वभावातही फरक आहे. जे-जथा घेतलेला प्रकाश चटकन आणि जोरात परत टाकतो, चमकतो. एच-जथ्यात ऊर्जा अशा अवस्थेत घसरते, की शेजारी-शेजारी उलट्या दिशांना झुलतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला एकमेकांना खोडून टाकतात. तो बहुतेकदा मुका राहतो आणि ऊर्जा उष्णतेत जाते.

आणि ती सुई? पट्टा इतका अरुंद का? सुट्या रेणूंच्या आजूबाजूची परिस्थिती प्रत्येकाची थोडी निराळी असते, म्हणून प्रत्येकाचा सूर थोडा वर-खाली, आणि सगळे मिळून पसरट पट्टा होतो. जथ्यात मात्र ऊर्जा एका रेणूची राहत नाही, अनेकांमध्ये वाटली जाते, आणि वर-खाली असलेले सूर सरासरीत जुळतात. आमच्या सोसायटीच्या आरतीत एकेकाला वेगळं गायला लावलं तर पळून जावंसं वाटेल. पन्नास जण एकत्र म्हणतात तेव्हा सूर चक्क एका जागी उभा राहतो. (मी टाळ वाजवतो, गात नाही.)

फोटोच्या फिल्मला नेमकं हेच हवं होतं. रंगीत फिल्ममध्ये एकावर एक थर असतात. एकानं निळा पाहायचा, एकानं हिरवा, एकानं तांबडा, आणि कुणी दुसऱ्याच्या हद्दीत डोकवायचं नाही. पसरट पट्ट्याचे रंग घेतले तर हिरव्याचा थर तांबड्यातही तोंड घालतो आणि आईच्या शालूचा रंग बिघडतो. म्हणून सिल्व्हरच्या स्फटिकांवर सायनिन रंगांचा, साधारण एका रेणूइतका पातळ, विटांच्या भिंतीसारखा रचलेला थर बसवत. तुमच्या आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम रोलवरचा असेल, तर त्यातला प्रत्येक लाल-हिरवा रंग अशा थरातून आलेला आहे. रेणू नुसता चांगला असून भागत नव्हतं, तो रांगेत कसा बसतो हे पाहावं लागे.

पातळ थराची आणखी एक करामत मी शाळेत असतानाच पाहिली होती, फक्त तेव्हा कळली नाही. आमच्या दौतीतली जांभळी शाई तोंडापाशी वाळली, की तिच्यावर सोनेरी-हिरवी झाक यायची, मोरपिसासारखी. शाई जांभळी, आणि वाळल्यावर धातूसारखी चकाकते! कारण असं, की एखाद्या रंगाचा प्रकाश पदार्थ फारच जोरात शोषत असेल, तर तो प्रकाश आत शिरायच्या आधीच बराचसा पृष्ठभागावरून परत फिरतो. जांभळी शाई हिरवा-पिवळा भाग गिळते, म्हणून दाट थरावरून नेमका तोच परत येतो. जे-जथ्यांच्या थरात हे फार ठळक दिसतं. तो थर आरशासारखा दिसू शकतो, आणि तोही फक्त एका रंगापुरता आरसा.

असे थर आता मुद्दाम बनवतात. काच एकदा धन भाराच्या पॉलिमरच्या पाण्यात बुडवायची, धुवायची, मग ऋण भाराच्या रंगाच्या पाण्यात. पुन्हा धुवायची, पुन्हा तेच. आमच्या रंगखात्यातल्या कोणत्याही कामगाराला हे पाच मिनिटांत जमेल. अमेरिकेत एमआयटीमध्ये २००६ च्या सुमारास अशा जे-जथ्यांचा फक्त ५ नॅनोमीटर जाडीचा थर आरशासमोर योग्य अंतरावर ठेवला गेला, आणि त्यानं ठरावीक रंगाचा ९७ टक्के प्रकाश गिळला. केसाच्या जाडीत असे दहा हजारांहून जास्त थर मावतील.

माणसाच्या कितीतरी आधी हे जिवाणूंना साधलं होतं. हिरवे गंधक-जिवाणू म्हणून एक जात आहे. त्यांच्या अंगात हरितद्रव्याच्या रेणूंच्या पिशव्या असतात, आणि त्यात ते रेणू प्रथिनांच्या आधाराशिवाय, आपसातच रचून बसलेले असतात. त्यांचं शोषण सुट्या रेणूपेक्षा बरंच तांबड्याकडे सरकलेलं असतं. यातली एक जात काळ्या समुद्रात शंभर मीटर खोलीच्या आसपास सापडली. तिथे आपल्याला काळोखच म्हणता येईल इतका कमी प्रकाश पोचतो. त्यातला एकेक कण पकडायला ही दाटीवाटीची रचना कामी येते.

बरं, मुंजीच्या फोटोकडे परत.

नातीनं विचारलं, “मग आबा, कॉम्प्युटरनं मूळ रंग परत काढता येईल ना?” नाही. त्या प्लेटेनं तांबडं कधी नोंदवलंच नाही. काळा कोट आणि तांबडं आलवण तिच्यावर एकसारखेच उमटले. अ‍ॅप बिचारं राखाडी छटा बघून अंदाज करतं, आणि आलवण म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. रंग त्या खोलीत होता, फोटोवाल्याला दिसत होता, फक्त काचेपर्यंत पोचला नाही. आता तो एकाच ठिकाणी शिल्लक होता.

म्हणून रविवारी आम्ही लॅपटॉप घेऊन आत्याकडे गेलो. पुतण्याही आला, थोडा ओशाळलेला. नातीनं पणजीचं वस्त्र तेवढं निवडून त्यावर लाल रंग टाकला. आत्या चष्मा पुसून पुढे वाकली.

“हे शालूसारखं झालं. एवढं झगझगीत नव्हतं गं.”

नातीनं कमी केलं.

“अजून. विहिरीवर धुऊन धुऊन विटलं होतं. नवीन कोण आणून देणार तिला?”

असं बराच वेळ चाललं. शेवटी विटकरीकडे झुकणाऱ्या एका फिक्या तांबड्यावर आत्या थांबली. काही बोलली नाही, पडद्यावर बोट ठेवलं. मग सवाष्णींच्या कुंकवाची पाळी आली, ते पाच मिनिटांत झालं. पणजीच्या कपाळाला नातीनं हात लावला नाही.

निळा फोटो ग्रुपवरून काढला. नवा टाकताना पुतण्यानं खाली स्वतःहून लिहिलं, “रंग आत्याआजीच्या आठवणीवरून.” मूळ करडा फोटो स्कॅन करून तसाच वेगळा ठेवलाय.

कुणाच्या माळ्यावर जुन्या काचेच्या प्लेटा असतील तर फडक्यानं पुसू नका, थर निघून येतो. कडेनं धरा, एकेक प्लेट कागदात गुंडाळून उभी ठेवा. आणि त्यातली माणसं ज्यांना आठवतात, त्यांना आधी फोन करा.